गुन्हे रोखायला स्थानिक माध्यमांना सोबत कसं घ्यायचं: सोलापुरातल्या सोसायट्या, मंडळं आणि मोहल्ला कमिट्यांसाठी

सोलापुरात एखाद्या नगरात लागोपाठ दोन घरफोड्या झाल्या की पुढचं सगळं ठरल्यासारखं घडतं. रहिवासी मारुतीच्या देवळात जमतात. कुणीतरी ओळखीच्या बातमीदाराला फोन लावतं. दुसऱ्या दिवशी 'पोलिसांचं दुर्लक्ष, नागरिक भयभीत' असं छापून येतं. पोलीस ठाण्यातले साहेब नाराज होतात आणि आठवड्याभरात विषय संपतो. गल्लीतला बंद दिवा बंदच राहतो, कडीकोयंडे तेच राहतात आणि तिसरी घरफोडी झाली की हाच क्रम पुन्हा सुरू होतो.

इथे चूक बातमीदाराची नसते. आपण माध्यमांकडे गुन्हा घडल्यावर जातो आणि तेही तक्रार घेऊन जातो. गुन्हा घडण्याआधी वाचकाच्या हाती उपयोगी माहिती पोचवायची असेल तर तयारी वेगळी लागते आणि पायऱ्यांचा क्रमही वेगळा लागतो. तो क्रम खाली दिला आहे. मधली पायरी गाळून पुढे जाऊ नका, कारण बहुतेक प्रयत्न दुसरी पायरी गाळल्यामुळेच फसतात.

1. घरची तयारी: एक विषय, एक भाग, एक बोलणारा

'आमच्या भागात गुन्हेगारी वाढली आहे' या वाक्याची बातमी होत नाही, आणि झालीच तर तिचा उपयोग होत नाही. विषय नेमका हवा. सकाळी फिरायला जाणाऱ्या बायकांच्या गळ्यातलं मंगळसूत्र ओढण्याचे प्रकार. पार्किंगमधून जाणाऱ्या दुचाकी. पेन्शनर मंडळींना येणारे 'तुमच्या नावावर पार्सल पकडलंय' असे फोन. भिशी चालवणारा पैसे घेऊन पळून जाणं. यातला एकच निवडा आणि निदान तीन महिने तो सोडू नका.

मग आपल्या भागाची हद्द ठरवा. सोलापूर शहर पोलीस आयुक्तालयाखाली येतं, तर जिल्ह्याचा बाकीचा भाग ग्रामीण पोलीस अधीक्षकांकडे. शहराच्या कडेला वाढलेल्या वसाहतींत, कुंभारीच्या बाजूला किंवा होटगी रोड, अक्कलकोट रोडच्या पुढे, आपलं ठाणं कोणतं याची माणसांना खात्री नसते. 'आमच्या ठाण्याचं' म्हणून जे सांगाल ते दुसऱ्याच ठाण्याचं निघालं तर बातमीदार पुढच्या वेळी तुमचा फोन उचलणार नाही.

आकडा सांगायचा असेल तर तो कुठून आला ते आधी लिहून ठेवा. महाराष्ट्र पोलिसांच्या संकेतस्थळावर दाखल झालेले प्रथम खबर अहवाल ठाण्यानुसार आणि तारखेनुसार बघता येतात. महिलांवरचे अत्याचार, लहान मुलांचे गुन्हे असे संवेदनशील अहवाल त्यात नसतात. बाकीचे पाहून आपल्या ठाण्यात गेल्या तीन महिन्यांत दुचाकी चोरीचे किती गुन्हे दाखल झाले हे तुम्ही स्वतः मोजू शकता. मोजलंत तर कालावधी आणि ठाणं दोन्ही लिहा. गुन्हा घडला पण तक्रारच दिली नाही अशी प्रकरणं त्यात येत नाहीत, हेही ध्यानात असू द्या. तेवढ्यासाठी शेजाऱ्यांना तक्रार द्यायला तयार करणं हा तुमच्या कामाचाच भाग आहे.

शेवटी बोलणारा माणूस ठरवा. एकच, आणि तो नसेल तेव्हासाठी दुसरा. अध्यक्षच बोलला पाहिजे असं काही नाही. ज्याला पूर्ण माहिती आहे, जो फोन उचलतो आणि ज्याला महापालिकेच्या निवडणुकीला उभं राहायचं नाही, असा माणूस निवडा. शेवटची अट मी मुद्दाम घातली आहे. बोलणाऱ्याच्या मनात तिकिटाचा विचार असेल तर बातमीदाराला ते पाच मिनिटांत कळतं. मग तुमची बातमी राजकीय पानावर जाते, नाहीतर कुठेच जात नाही.

तपासा: विषय, हद्द, आकड्याचा स्रोत आणि बोलणाऱ्याचं नाव एका कागदावर चार ओळींत मांडता येतंय का? येत नसेल तर अजून कुणालाही फोन करू नका.

2. आधी पोलीस ठाणं, मग माध्यमं

क्रम उलटा करायचा मोह इथेच होतो. 'पेपरात आलं की पोलीस जागे होतात' असं आपल्याकडे सर्रास म्हटलं जातं. एखाद्या वेळी ते खरंही ठरतं. पण बातमीदार तुमच्याकडून निघाला की पहिला फोन ठाण्यालाच करतो, कारण दुसरी बाजू घेतल्याशिवाय डेस्क, म्हणजे बातम्या तपासून पान लावणारी मंडळी, बातमी सोडत नाही. ठाण्याला काहीच माहीत नसेल तर 'असा कोणताही प्रकार आमच्याकडे आलेला नाही' एवढं उत्तर मिळतं. तुमची तीन महिन्यांची मेहनत त्या एका वाक्यात बसून जाते.

म्हणून आधी वरिष्ठ पोलीस निरीक्षकांची वेळ मागा. निवेदन देऊन फोटो काढून परत येऊ नका. बसून तीन गोष्टी विचारा:

- या विषयावर नागरिकांनी काय करावं असं ठाण्याला वाटतं?
- ठाण्याच्या वतीने माध्यमांशी कोण बोलेल?
- काय छापलं तर तपासाला अडचण होईल?

तिसरा प्रश्न फार कमी लोक विचारतात. तो विचारलात की तुमच्याकडे बघण्याची ठाण्याची नजर बदलते.

तुमच्या भागात मोहल्ला कमिटी किंवा शांतता कमिटी असेल तर तिच्या बैठकीत विषय मांडा. बीटच्या, म्हणजे तुमचा भाग नेमून दिलेल्या, हवालदारांचा नंबर घ्या आणि तुमच्या बोलणाऱ्या माणसाची त्यांच्याशी ओळख करून द्या. साहेबांच्या बदल्या होतात, पण बीटवरचा माणूस गल्ली ओळखतो.

इशारा: ठाण्याशी जुळवून घेणं म्हणजे ठाण्याचं प्रवक्तेपण करणं नव्हे. तक्रार नोंदवून घेतली जात नसेल तर ते आधी वरच्या अधिकाऱ्यांना लेखी कळवा, पोच घ्या आणि पोच हातात असताना बातमीदाराशी बोला. लेखी पोच असलेली तक्रार डेस्क वेगळ्या नजरेने वाचतं.

3. कोणापर्यंत काय पोचतं ते ओळखा

सगळ्या पेपरांना एकच मजकूर पाठवून मोकळं व्हायचं, ही सोलापुरात हमखास होणारी चूक आहे. इथे एकाच चौकात मराठी, तेलुगू, कन्नड आणि दख्खनी उर्दू कानावर पडते. बोर्ड मराठीत वाचणारी माणसं घरात दुसरी भाषा बोलतात, आणि फसवणारा फोन येतो तेव्हा माणूस घरच्या भाषेत विचार करतो.

दैनिकांच्या शहर पानाचा वाचक म्हणजे नोकरदार, पेन्शनर, दुकानदार. घरफोडी, सायबर फसवणूक, दुचाकी चोरी हे विषय तिथे चालतात. ज्या पेपरचं कार्यालय आणि बातमीदार सोलापुरात आहेत त्याच्याशी नातं आधी जोडा. पुण्याहून पान लावणाऱ्या आवृत्तीत गल्लीच्या बातमीला जागा मिळणं अवघड असतं. सोलापूर आकाशवाणीसाठी विषय आधी कळवावा लागतो, मुलाखतीला वेळ लागतो, पण तालुक्यांत आणि शेतावर काम करणाऱ्यांपर्यंत तीच पोचते. केबलवरच्या स्थानिक बातम्या दुकानात, हॉटेलात, घरी स्वयंपाक करताना दिवसभर चालू असतात. दाखवण्याजोग्या गोष्टी, म्हणजे कुलूप कसं लावावं किंवा लुटारू दुचाकीवरून कुठल्या बाजूने येतात, तिथे चांगल्या उतरतात.

पूर्व भागाचा विचार मात्र वेगळा करा. अशोक चौकापासून पुढे यंत्रमाग आणि विडी कामगारांच्या वस्त्या आहेत. विडी वळणाऱ्या बाईच्या हातात पेपर क्वचितच येतो. तिचा दिवस तंबाखू, पानं, सुपडं आणि कारखान्यात विड्या जमा करायची वेळ याभोवती फिरतो. भिशीत बुडालेली रक्कम तिच्या कित्येक महिन्यांच्या मजुरीची असते. तिच्यापर्यंत पोचायचं तर तेलुगूत बोललेला दीड मिनिटाचा आवाजी संदेश तयार करा. तो कारखान्यात विड्या द्यायला जमणाऱ्या बायकांच्या मोबाईलवर जाऊ द्या, आणि केबलवाल्यांना तोच विषय तेलुगूत चालवायची विनंती करा. मराठी मजकुराचा शब्दाला शब्द अनुवाद नको. त्या भागातल्या एखाद्या बाईला विषय समजावून सांगा आणि तिच्याच बोलीत तिला बोलू द्या.

यूट्यूब आणि वेब पोर्टलची संख्या आता मोठी आहे. त्यातले काही जण फार चांगलं काम करतात, सकाळी घडलेली गोष्ट दुपारपर्यंत पोचवतात. काही जण मात्र 'प्रेस' लिहिलेली गाडी आणि माईक एवढ्यावरच चालतात. ओळख करण्याआधी बघा: संपादकाचं नाव आणि पत्ता दिलेला आहे का, तक्रार निवारण अधिकारी नेमला आहे का. 2021 च्या माहिती तंत्रज्ञान नियमांप्रमाणे डिजिटल बातम्या देणाऱ्यांना असा अधिकारी नेमावा लागतो. छापील पेपर असेल तर शेवटच्या पानाच्या तळाशी मुद्रक, प्रकाशक, संपादक आणि छपाईची जागा यांची ओळ असते. ती वाचा. ती ओळ नसलेल्या 'साप्ताहिका'ला मुलाखत देऊ नका.

4. ओळख करायची वेळ आणि पद्धत

ओळख काम पडण्याआधी करा. सुरुवातीला दैनिकांतले तीन-चार बातमीदार पुरे. त्यात क्राईम बीटचा, म्हणजे गुन्ह्यांच्या बातम्या करणारा, एक असू द्या आणि महापालिका किंवा नागरी प्रश्न बघणारा एक असू द्या. गल्लीतले बंद दिवे, मोकाट झुडपं, पडीक इमारत हे विषय दुसऱ्याचे आहेत, आणि घरफोड्या थांबवायला त्यांचा उपयोग पहिल्याइतकाच होतो.

फोन सकाळी अकरा ते एकच्या दरम्यान करा. दुपारनंतर बातमीदार बातम्या लिहायला बसतो आणि रात्री पान सुटेपर्यंत त्याला मान वर करायला फुरसत नसते. रात्री नऊला 'आमचा एक उपक्रम आहे' म्हणून फोन करणं हा त्याच्या कामातला अडथळा आहे. रविवारी सरकारी कार्यालयं बंद असतात, त्यामुळे सोमवारच्या अंकासाठी बातम्यांची चणचण असते. तातडीचा नसलेला मजकूर शनिवारी दुपारी दिलात तर सोमवारी जागा मिळण्याची शक्यता वाढते. दिवाळीच्या आसपास पानं जाहिरातींनी भरलेली असतात आणि निवडणुकीत राजकारणाने. त्या दिवसांत हट्ट धरू नका.

पहिल्या भेटीत काहीही मागू नका. आपण कोण, कुठल्या भागावर काम करतो, कोणत्या विषयावर माहिती देऊ शकतो एवढं सांगा. 'त्या भागातलं काही विचारायचं असेल तर रात्रीही फोन करा' असं म्हणा आणि तसा फोन आला तर खरंच उचला. गल्लीत आग लागली, अपघात झाला, तर खात्रीचं सांगणारा माणूस बातमीदाराला हवाच असतो. नात्याची सुरुवात तिथून होते.

इशारा: पाकीट, भेटवस्तू, दिवाळीचा डबा यातलं काहीही देऊ नका. समोरून कुणी मागितलं तर हसून नकार द्या आणि पुन्हा त्या माणसाकडे जाऊ नका. जाहिरात द्यायची असेल तर ती जाहिरात विभागात, पावती घेऊन द्या, आणि ती जाहिरात म्हणूनच छापली जाऊ द्या. जाहिरातीच्या बदल्यात बातमी मागितलीत की तुमचा विश्वास त्या दिवशीच संपतो.

5. प्रेसनोट लिहिणं

इथे जास्त वेळ द्या, कारण बरीच मेहनत याच कागदावर वाया जाते.

आपल्याकडची नेहमीची प्रेसनोट अशी असते: 'अमुक मंडळाच्या वतीने, सन्माननीय अध्यक्षांच्या अध्यक्षतेखाली, प्रमुख पाहुण्यांच्या शुभहस्ते दीपप्रज्वलन करून सुरक्षा जनजागृती कार्यक्रम उत्साहात संपन्न झाला. यावेळी मोठ्या संख्येने नागरिक उपस्थित होते.' खाली बावीस नावं. वाचणाऱ्याला यातून काय मिळालं? चोर कसा येतो, काय सांभाळायचं, कुणाला फोन करायचा, यातलं एकही अक्षर नाही. उपसंपादक ती चार ओळींत कापतो आणि त्या चार ओळींत नेमकी नावं राहतात.

आता कोजागिरीचं उदाहरण घ्या. त्या रात्री सोलापुरातली कितीतरी घरं तुळजापूरला पायी निघतात. कुलूप लावलेली घरं ओळीने अंधारात असतात. त्यासाठीची नोट अशी लिहिता येईल (रिकाम्या जागा तुमच्या):

> कोजागिरीला तुळजापूरला निघताय? दागिने घरात ठेवू नका, शेजाऱ्याला सांगून जा
>
> सोलापूर, दि. ___ : कोजागिरीच्या रात्री घर बंद करून तुळजापूरला पायी जाणाऱ्यांनी दागिने व रोकड घरात ठेवू नये, असं आवाहन ___ पोलीस ठाणे आणि ___ नगर रहिवाशांनी केलं आहे.
>
> बाहेरून दिसणारं कुलूप घर रिकामं असल्याचं सांगतं. आतून बंद होणारं कुलूप वापरावं, एका खोलीतला दिवा सुरू ठेवावा, दारातला पेपर व दुधाची पिशवी शेजाऱ्याला उचलायला सांगावी. वाटेतले फोटो मोबाईलच्या स्टेटसवर परत आल्यावर टाकावेत.
>
> संशयास्पद हालचाल दिसल्यास स्वतः पाठलाग न करता 112 वर फोन करावा, असं ___ (पद, नाव) यांनी सांगितलं.
>
> माहितीसाठी: ___ (बोलणाऱ्याचं नाव, मोबाईल)

मथळ्यातच वाचकाचं काम सांगितलं आहे. पहिल्या वाक्यात कोण, कधी, काय आलं. मंडळाचं नाव आहे, पण ते वाक्याच्या शेवटी आहे. पोलिसांचं म्हणणं पदासकट दिलं आहे. नोट तळापासून कापत गेलं तरी वरची माहिती शाबूत राहते, आणि उपसंपादक तळापासूनच कापतो.

ही नोट कोजागिरीच्या पाच-सहा दिवस आधी द्या. आदल्या दिवशी दिली तर छापून येईपर्यंत माणसं तुळजापूर रस्त्यावरच्या रूपाभवानी मंदिराच्या पुढे गेलेली असतात. सिद्धेश्वर यात्रेच्या गड्ड्यावरची (जत्रेतली) पाकीटमारी आणि हरवणारी मुलं, नारळी पौर्णिमेच्या मार्कंडेय रथोत्सवातली गर्दी, गणपती आणि नवरात्राच्या मिरवणुका, उन्हाळ्याच्या सुटीतली बंद घरं, या सगळ्यांच्या तारखा आधीपासून माहीत असतात. वर्षाच्या सुरुवातीला कॅलेंडर घेऊन बसा आणि प्रत्येकाच्या आठ दिवस आधीची तारीख लिहून टाका. जानेवारीत गड्ड्याच्या आधी दोन संधी येतात: 2 जानेवारीला महाराष्ट्र पोलिसांचा वर्धापन दिन असतो आणि 6 जानेवारीला पत्रकार दिन. पत्रकार दिनी हार-तुरे घेऊन जाण्यापेक्षा वर्षभराच्या विषयांची यादी घेऊन जा.

पाठवण्याच्या बाबतीत काही बारीक गोष्टी. मजकूर युनिकोडमध्ये टाइप करून ईमेलमध्ये किंवा व्हॉट्सॲपवर थेट टाका. लेटरहेडचा फोटो पाठवला की कुणालातरी तो पुन्हा टाइप करावा लागतो, आणि त्या घाईत ठाण्याचं नाव चुकतं. फोटो व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर तो छपाईला फुटतो. बॅनर धरून उभ्या असलेल्या पंधरा माणसांचा फोटो नको. दाराची आतली कडी बसवणारा सुतार, किंवा आजोबांना मोबाईलवर समजावणारी नात, असा फोटो डेस्क स्वतःहून वापरतं. फोटोतल्यांची नावं डावीकडून लिहा आणि त्यांना विचारून लिहा.

तपासा: नोटेतलं तुमच्या मंडळाचं नाव खोडून वाचा. तरीही ती वाचकाच्या कामाची उरते का?

6. काय कधीही द्यायचं नाही

हा भाग पाठ करा. इथली चूक दुरुस्त होत नाही.

लैंगिक अत्याचार झालेल्या व्यक्तीची ओळख उघड करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 72 प्रमाणे गुन्हा आहे. त्याला दोन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. मुलांच्या बाबतीत पोक्सो कायद्याचं कलम 23 आणि बाल न्याय कायद्याचं कलम 74 लागू होतं. बाल न्याय कायद्यात पीडित मूल, साक्षीदार मूल आणि स्वतः गुन्ह्यात सापडलेलं मूल, तिघांचीही ओळख झाकली आहे. ओळख म्हणजे फक्त नाव नव्हे. शाळा, गल्ली, आईचा कारखाना, वडिलांचं दुकान, घराचा फोटो हे सगळं त्यात येतं. 'पूर्व भागातल्या अमुक नगरात, अमुक देवळामागे राहणाऱ्या विडी कामगार महिलेची आठवीतली मुलगी' असं लिहिलंत तर नाव न घेताही अख्ख्या नगराला ती मुलगी कळते. तिला उद्या त्याच रस्त्याने शाळेत जायचं आहे. अशा प्रकरणात तुमच्या बाजूने एकच उत्तर द्या: 'त्या घटनेवर आम्ही बोलणार नाही. मुलांच्या सुरक्षेसाठी पालकांनी काय करावं, मदतीसाठी 1098 वर कसा फोन करावा, एवढं सांगतो.'

संशयिताचं नाव किंवा फोटो देऊ नका. त्याने बदनामीचा दावा होऊ शकतो हे एक. दुसरं जास्त महत्त्वाचं: ओळख परेडच्या (साक्षीदार अनेकांतून संशयिताला ओळखतो त्या चाचणीच्या) आधी चेहरा पेपरात, मोबाईलवर फिरला की त्या परेडला कोर्टात किंमत राहत नाही. पोलीस आरोपीचा चेहरा झाकून नेतात ते यासाठीच. सीसीटीव्हीचं फुटेज पोलिसांना द्या. ते जगाला दाखवायचं की नाही हे त्यांना ठरवू द्या.

कॅमेरे कुठे आहेत, कुठला कोपरा त्यात येत नाही, रखवालदार किती वाजता झोपतो, गस्तीची वेळ, रिकाम्या घरांची यादी यातलं काहीही बोलण्याच्या ओघात सुटू देऊ नका. 'आमच्याकडे बारा कॅमेरे, मागच्या गेटला मात्र नाही' असं अभिमानाने सांगणारी मुलाखत चोरही वाचतो.

आणि जात, जमात, धर्म, 'परप्रांतीय' हे शब्द नोटेत येताच कामा नयेत. ही गोष्ट सोलापूरकरांनी इतरांपेक्षा जास्त जपायला हवी. गुन्हेगार जमाती कायद्याखाली माणसांना जन्मापासून गुन्हेगार ठरवून तारेच्या कुंपणात डांबलं जायचं आणि त्यासाठीची सेटलमेंट आपल्याच शहरात होती. 1952 मध्ये तो कायदा जाऊन त्या जमाती विमुक्त झाल्या, पण 'अमुक समाजाची टोळी' हे वाक्य आजही तोंडातून सहज निघतं. वर्णन द्यायचं तर गाडीचा रंग, नंबर, कपडे, वेळ आणि गेलेली दिशा द्या. पोलिसांनाही तेच उपयोगी पडतं.

7. छापून आल्यावर

बातमी आली की बहुतेकांना काम झालं असं वाटतं. कात्रणाचा फोटो ग्रुपवर फिरतो, अभिनंदनाचे फुगे येतात आणि पुढे काही नाही. खरं तर बातमी आलेल्या दिवसापासून तुमच्याकडे पुढच्या बातमीची सामग्री जमायला लागते. बातमी वाचून किती जणांनी फोन केला, काय विचारलं, कुणी कुलूप बदललं, महापालिकेने दिवा लावला का, हे एका वहीत लिहा. महिन्याने त्याच बातमीदाराला सांगा. काही घडलं नसेल तर तेही सांगा.

एकच विषय माध्यमांत टिकतो कसा, याचं उदाहरण जिल्ह्यातच आहे. 2021 मध्ये पोलीस अधीक्षक तेजस्वी सातपुते यांच्या काळात ग्रामीण पोलिसांनी 'ऑपरेशन परिवर्तन' सुरू केलं. हातभट्टीवर नुसते छापे न टाकता ती गाळणाऱ्या कुटुंबांना दुसरा रोजगार मिळवून द्यायचा, हा त्याचा गाभा. मुळेगाव तांड्यासारख्या ठिकाणची माणसं आता काय करतात, हे पुन्हा पुन्हा सांगता येत होतं. छाप्याची बातमी एक दिवस चालते, बदललेल्या घराकडे बातमीदार परत येतो.

बातमी चांगली झाली तर बातमीदाराला फोन करून कोणता भाग उपयोगी पडला ते नेमकं सांगा. नुसत्या 'छान बातमी'ने त्याच्या हाती काही लागत नाही.

8. अफवेच्या दिवसासाठी वेगळी तयारी

मुलं पळवणारी टोळी आली, रात्री ड्रोन फिरतात, अमुक ठिकाणी किडनी काढली, असे मेसेज फिरायला लागले की तुमच्या ओळखींची खरी परीक्षा होते. 1 जुलै 2018 ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारे समजून पाच जणांना जमावाने ठेचून मारलं. ते नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे, भिक्षा मागत फिरणारे, आणि त्यातले बहुतेक आपल्या मंगळवेढा तालुक्यातले होते. अफवा कुठे जन्मली आणि कुणाच्या दारात प्रेतं आली, हे सोलापूर जिल्ह्याने पाहिलं आहे.

म्हणून क्रम आधीच ठरवून ठेवा:

1. मेसेज आला की तो पुढे पाठवायचा नाही. 'हा खोटा आहे' असं लिहूनही नाही, कारण लोक वरचा शेरा काढून मूळ मजकूर पुढे ढकलतात.
2. बीटच्या हवालदाराला किंवा ठाण्याला फोन. काय उत्तर मिळालं आणि किती वाजता, ते लिहून घ्यायचं.
3. त्या उत्तरासह दैनिकाचा बातमीदार, केबल आणि पोर्टलवाले, तिघांना एकाच वेळी कळवायचं. इथे रात्रीचे नऊ वाजले असतील तरी फोन करा.
4. मग स्वतःच्या ग्रुपवर फक्त खरी माहिती टाकायची: 'ठाण्याने सांगितलं आहे की असा प्रकार घडलेला नाही. अनोळखी माणूस दिसला तर हात लावू नका, 112 ला फोन करा.' तेलुगू आणि कन्नड आवाजी संदेश तयार करणारी माणसं आधीच नेमलेली हवीत.

सायबर फसवणुकीच्या लाटेलाही हाच क्रम वापरा. त्यात दोनच वाक्यं प्रत्येक वेळी छापून येतील असं बघा: व्हिडिओ कॉलवर अटक करण्याची कोणतीही पद्धत कायद्यात नाही, आणि पैसे गेले तर लाज न बाळगता लगेच 1930 वर फोन करा. 'लगेच' हा शब्द कापू देऊ नका. पैसे पुढच्या खात्यात वळायच्या आत अडवता आले तरच मिळण्याची आशा असते.

9. चुकीचं छापून आलं तर

रागात फेसबुकवर लिहू नका आणि मोर्चाही नेऊ नका. आधी बातमीदाराला फोन करा. चूक त्याची की डेस्कची हे तुम्हाला माहीत नसतं, मथळा तर तो देतच नाही. नेमकं काय चुकलं आणि बरोबर काय, हे दोन ओळींत पाठवा आणि ऑनलाइन आवृत्तीत तेवढं लगेच बदलायला सांगा. छापील अंकात खुलासा हवा असेल तर संपादकांच्या नावाने छोटं पत्र द्या, पोच घ्या.

पीडिताची ओळख उघड झाली असेल तर मात्र वाट बघू नका. पोर्टलच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लेखी कळवा. त्याला 24 तासांत पोच द्यावी लागते आणि 15 दिवसांत निकाल लावावा लागतो. त्याच वेळी ठाण्यातही लेखी तक्रार द्या. दैनिकाने दाद दिली नाही तर भारतीय प्रेस परिषदेकडे जाता येतं, पण आधी संपादकाला लिहिलेलं असलं पाहिजे आणि बातमी छापून आल्यापासून दोन महिन्यांच्या आत तक्रार गेली पाहिजे. त्यासाठी मूळ अंक जपून ठेवा, अख्खं पान तारखेसकट. पोर्टलची बातमी असेल तर लिंक आणि तारीख-वेळ दिसेल असा स्क्रीनशॉट त्याच दिवशी घ्या, कारण तक्रार गेली की मजकूर काढून टाकला जातो आणि मग तुमच्याकडे दाखवायला काहीच राहत नाही.